पंधरा हजार ल्युमेन गेले कुठे?

आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या, त्यामुळे सोसायटीच्या सभेत कुठल्याही कामाची तीन कोटेशनं मागवायची ठरली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. यंदा दिव्यांचं काम आलं. आमची नागपूरची फ्लॅट स्कीम जुनी. आत चार इमारती, त्यांना वळसा घालून जाणारा सिमेंटचा रस्ता आणि त्याच्या कडेला बारा खांब. खांबांवर १५० वॉटचे सोडियमचे दिवे. काही गेलेले, काही जायच्या बेतातले आणि एक तर रात्रभर लागायचा, विझायचा, थोड्या वेळानं पुन्हा लागायचा. त्या खांबाखाली भूत आहे, असं लहान मुलांनी केव्हाच जाहीर करून टाकलं होतं.

वायरमन भाऊंना भुताचं काही वाटत नव्हतं. "मॅडम, हे आता काढूनच टाका. इग्नायटर भेटत नाही, चोक भेटत नाही. भेटला तं दुकानदार आपलाच भाव लावून राहिला. एलईडी लावा अन् मोकळे व्हा."

मोकळं होण्यासाठी मी कोटेशनं मागवली आणि तिथेच अडकले. एकानं लिहिलं होतं, १५० वॉट सोडियमच्या जागी ६० वॉट एलईडी, उजेड तेवढाच. दुसऱ्याचं म्हणणं, ४५ वॉट पुरे, उजेड तेवढाच. तिसऱ्यानं ७२ वॉटचा दिवा सुचवला होता, किंमत दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त, आणि उजेड? तेवढाच. बारीक अक्षरं वाचायची सवय नोकरीनं लावलेली. ६० वॉटच्या माहितीपत्रकात खाली एका कोपऱ्यात ६,६०० ल्युमेन असा आकडा होता. मग मीटर-रूममध्ये पडलेलं सोडियमच्या दिव्याचं जुनं खोकं काढलं. त्याच्यावर आकडा होता पंधरा हजारांच्या आसपासचा. काउंटरवर कोणी पंधरा हजारांच्या जागी साडेसहा हजार भरून 'रक्कम तेवढीच आहे' म्हणालं असतं, तर मी शाखाधिकाऱ्यांना हाक मारली असती. इथे हाक कोणाला मारायची, तेच कळेना.

शेवटी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेल्या मैत्रिणीला फोन केला. ती हसली. म्हणाली, "अगं, वॉट म्हणजे दिवा खातो ती वीज. ल्युमेन म्हणजे त्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. आणि लक्स म्हणजे त्यातला जमिनीच्या एका चौरस मीटरवर प्रत्यक्ष पडतो तो. तुला रस्ता उजळायचाय, तर पंधरा हजार कुठे निघाले हे विचारू नकोस, पोचले किती ते विचार." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि भाऊंना एक फिटिंग खाली उतरवायला सांगितलं.

खाली आलेलं ते धूड मी पहिल्यांदाच जवळून पाहत होते. खांबावर असताना कलिंगडाच्या फोडीएवढं वाटायचं, प्रत्यक्षात दोन हातांत मावेना. वजन मुख्यतः चोकचं, लोखंडाच्या पत्र्यांवर गुंडाळलेलं तांबं. शेजारी कपॅसिटर आणि इग्नायटरची डबी. दिवा सुरू होताना काही हजार व्होल्टचे झटके देऊन आतल्या वायूला पेटवण्याचं काम या डबीचं. झाकणाचं अ‍ॅक्रिलिक पिवळं पडलेलं आणि त्याच्या तळाशी पाकोळ्या, किडे, पंख यांचा बोटभर थर. मधे काचेचा लांबट फुगा आणि त्याच्या पोटात करंगळीएवढी दुधी नळी. खरा दिवा ती नळीच. तापलेलं सोडियम साधी काच टिकू देत नाही, ती काळी पाडतं. म्हणून ही नळी काचेची नसून अ‍ॅल्युमिनाची, म्हणजे एका प्रकारच्या सिरॅमिकची असते, पण उजेड आरपार जाईल अशी. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट कोबल यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस हा पदार्थ तयार केला आणि १९६०च्या दशकाच्या मध्यात हे दिवे बाजारात आले. आपल्याकडच्या हमरस्त्यांवरचा तो नारिंगी रंग या दुधी नळीमुळे.

भुताचाही उलगडा तिथेच झाला. नळी जुनी होत जाते तसा तिला पेटतं राहायला लागणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढत जातो. एका मर्यादेनंतर चोकला तो पुरवता येत नाही, दिवा विझतो. थंड झाला की इग्नायटर पुन्हा पेटवतो, तापला की पुन्हा विझतो. दिवा असा उघडझाप करायला लागला की संपत आला समजायचं. मुलांना मी हे सांगितलं. त्यांना भूतच बरं वाटलं.

तर पंधरा हजारांचा हिशेब. ही नळी चहूबाजूंनी उजेड फेकते. वर जाणारा उजेड परावर्तकावर आदळून खाली यायचा, त्यातला काही पुन्हा दिव्यावरच अडायचा, उरलेला पिवळ्या झाकणातून आणि किड्यांच्या थरातून वाट काढायचा. तीस-चाळीस टक्के तर फिटिंगच्या आतच खर्ची पडतात. बाहेर पडलेल्यातला काही कडुनिंबाच्या शेंड्यात, काही आभाळात आणि चांगला घसघशीत वाटा बी बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये. तिथल्या काकू गेली कित्येक वर्षं खिडकीला जाड चादर बांधून झोपतात. एलईडीचे बारीक ठिपके एका सपाट पाटीवर बसवलेले, सगळ्यांची तोंडं खाली, प्रत्येकावर स्वतःचं छोटं भिंग. उजेड रस्त्याच्या लांबीला पसरवायचा की रुंदीला, हे ते भिंग ठरवतं.

म्हणजे जाहिरातीत सांगतात तसा सोडियमचा दिवा वीजखाऊ नव्हताच. एका वॉटमागे शंभरच्या आसपास ल्युमेन तो सहज देतो. त्याचा थोरला भाऊ, कमी दाबाचा सोडियम दिवा, १९३०च्या दशकापासून युरोपातल्या रस्त्यांवर होता आणि तो तर १८० ल्युमेनपर्यंत जायचा. आजचा चांगला एलईडी दिवा १३०-१५० देतो. बचतीचं मोठं कारण वेगळं आहे. एलईडी उजेड नेमका जिथे हवा तिथे टाकू शकतो. टाकू शकतो, टाकतोच असं नाही. हा फरक मला पुढे फार महाग, म्हणजे खरं तर स्वस्तात, कळला.

विजेचा हिशेब सोपा होता. दीडशे वॉटचा दिवा आणि चोकमध्ये जाणारे वीसेक वॉट धरून १७०. रात्री सरासरी अकरा तास म्हटलं तर वर्षाला चार हजार तास. एका खांबाची ६८० युनिटं, ६० वॉटच्या दिव्याची २४०. बारा खांबांना गुणलं की पाच हजारांवर युनिटं वाचतात. सभेत हा आकडा सांगितल्यावर पुढचं कोणी ऐकलंच नाही. सगळे म्हणाले, लावून टाका.

देशानंही असंच काहीसं केलं. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारनं पथदिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यात १ कोटी ३० लाखांहून जास्त दिवे एलईडीचे झाले. वीज वाचली, यात वाद नाही. पण त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर जे झालं, ते मला या कामात पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. क्वीन्स नेकलेस म्हणून जगभर मिरवणाऱ्या त्या रांगेतले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, आणि गहजब झाला. सत्तेतले दोन मित्रपक्ष एकमेकांवर धावून गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि शेवटी तिथे पिवळसर छटेचे दिवे परत आले. तेव्हा टीव्हीवर बघताना मला वाटलं होतं, हे सोडियमवाले विरुद्ध एलईडीवाले भांडण आहे. आता कळतं, एलईडी कुठल्याही छटेत मिळतो. पहिल्याच दिवशी पिवळसर मागवता आला असता. बहुधा कोणी विचारलंच नसेल.

सोडियमच्या काळात विचारायचं काही नव्हतं. रंग एकच, कारण सोडियमचा रंगच तो. भिंग नाही, छटा नाही, मंद-प्रखर नाही. ७०, १५०, २५०, ४०० यांतलं वॉटेज सांगा आणि घरी जा. एलईडीच्या प्रत्येक दिव्यामागे अर्धा डझन निर्णय असतात, आणि आपण ते घेतले नाहीत तर दुकानदाराच्या गोदामात जे पडलं असेल ते आपल्यासाठी निर्णय घेतं. आमच्या तिन्ही कोटेशनांत छटा लिहिलीच नव्हती. फोन करून विचारलं तर तिघांचंही उत्तर एक, "पांढरा देतो ना मॅडम, एकदम पांढरा." केल्विन किती, म्हटल्यावर एकानं सांगितलं ६५००. दुसरा म्हणाला, "सगळे हाच नेतात."

केल्विनचं प्रकरण सुरुवातीला उलटंच वाटतं. लोखंड तापवलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं, आणखी तापवता आलं तर निळसर होईल. दिव्याची छटा याच मापात सांगतात. आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. सोडियमचा दिवा २०००च्या थोडा वर, घरातला जुना बल्ब २७००, आणि गोदामातला तो ६५०० म्हणजे भर दुपारच्या आभाळासारखी छटा, मध्यरात्री.

पण आकड्यांनी माझं समाधान होईना. शेजारच्या नववीतल्या मुलानं मार्ग काढला. बुटांच्या खोक्याला एका बाजूला ब्लेडनं बारीक चीर, दुसऱ्या बाजूला तिरका बसवलेला जुन्या सीडीचा तुकडा आणि वर डोळा लावायला भोक. जिन्यात लावलेल्या एलईडीकडे खोकं रोखलं तर आत तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग पट्टा दिसला, फक्त निळ्यात एक झगझगीत पट्टी आणि तिच्या शेजारी, निळा आणि हिरवा यांच्यामधे, उजेड खचलेला. त्याचं कारण मैत्रिणीनं सांगितलं. पांढऱ्या एलईडीत मुळात निळाच दिवा असतो. त्यावर पिवळसर लेप असतो, तो काही निळा उजेड गिळून पिवळा, हिरवा, तांबडा बाहेर टाकतो, आणि उरलेल्या निळ्यात मिसळून पांढरा होतो. हा निळा दिवा बनवणं फार अवघड गेलं. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेप जाड केला की छटा पिवळी होते आणि वॉटमागे उजेड थोडा कमी मिळतो. ६५००ची एवढी चलती का, ते यातून कळतं. त्याच विजेत आकडा जास्त छापता येतो.

मग खोकं खांबावरच्या सोडियमकडे वळवलं. सलग पट्टा नाहीच. तुटक तुकडे, नारिंगी भाग भरगच्च, निळा जवळजवळ नाही. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे पिवळ्याच्या मधोमध काळी रेघ. सोडियमचा खास पिवळा, ५८९ नॅनोमीटरचा, नेमका तोच गायब. नळीच्या गाभ्यातलं तापलेलं सोडियम तो रंग बाहेर टाकतं आणि कडेचं तुलनेनं थंड सोडियम तोच रंग गिळून टाकतं. मी आणि तो मुलगा आळीपाळीनं बघत राहिलो, वॉचमनदादाही येऊन बघून गेले. त्यांनी विचारलं, "यात दिवा सुधरतो का?"

खोक्यातल्या त्या तुटक पट्ट्यामुळेच सोडियमखाली रंग ओळखता येत नाहीत. उजेडात निळाच नसेल तर निळी गाडी निळी दिसणार कशी? ती काळपट दिसते, लाल गाडी तपकिरी. रंग खरे दिसण्याचं जे शंभरातलं माप आहे, त्यात सोडियमला विसाच्या आसपास गुण मिळतात, साध्या एलईडीला सत्तर-ऐंशी. गेल्या वर्षी आमच्या गेटसमोरून सोनसाखळी ओढून पळालेल्यांची दुचाकी एकीनं काळी सांगितली, दुसरीनं गडद हिरवी. दोघीही खोटं बोलत नव्हत्या.

ल्युमेनच्या मापातही एक मेख निघाली. ते माप दिवसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. डोळ्याला दिवसा पिवळसर हिरवा सगळ्यात तेज वाटतो, म्हणून पिवळ्या सोडियमला त्या मापात भरपूर गुण मिळतात. अंधारात डोळ्याचा कल निळसर हिरव्याकडे सरकतो आणि पांढरा उजेड मीटरवर कमी असूनही जास्त वाटतो. विक्रेते हा मुद्दा अगदी ताणून सांगतात. पण रस्त्याच्या दिव्याखाली डोळा पूर्ण रात्रीचा नसतो, मधल्या अवस्थेत असतो, त्यामुळे फायदा होतो तो थोडाच. ४५ वॉटवाल्याचा सगळा डोलारा या एका मुद्द्यावर उभा होता. त्याला मी यादीतून काढलं.

मैत्रिणीकडून लक्समीटर आणला. चालू असलेल्या दोन खांबांमधे पावलं टाकत मोजलं. खांबाखाली वीसच्या वर, मधोमध जेमतेम एक. भारतीय मानक आय.एस. १९४४ प्रमाणे मुख्य रस्त्याला सरासरी ३० लक्स लागतात, वस्तीतल्या कमी रहदारीच्या रस्त्याला ४ ते ८ पुरतात. मात्र सगळ्यात अंधाऱ्या जागचा उजेड सरासरीच्या किमान तीन दशांश हवा. आमची सरासरी उत्तम होती, आणि मधोमधचा खड्डा कोणाला दिसत नव्हता. सोडियमला यात दोष देण्यात अर्थ नाही, खांबच लांब लांब आहेत. पण भिंग नीट निवडलं तर एलईडी इथे खरंच कामाला येतो. मी तिघांनाही, यादीतून काढलेल्यालासुद्धा, विचारलं, भिंग कुठलं? दोघांनी फोन ठेवला म्हटलं तरी चालेल. तिसरा, तोच महागवाला, म्हणाला, "खांबाची उंची अन् अंतर सांगा, नकाशा काढून देतो." स्वस्त कोटेशन स्वस्त का होतं, हे मला तिथे समजलं. त्यात निर्णय कोणीच घेतलेले नव्हते.

भाऊंना नकाशात रस नव्हता, त्यांचा प्रश्न पावसाळ्याचा. "एलईडी नाही जात मॅडम, ड्रायव्हर जाते. जूनमध्ये वीज कडाडली का पाच-सहा उडालेच समजा. सोडियमचा चोक पाहा, लोखंड आहे, काही होत नाही त्याला." पन्नास हजार तास आयुष्य, असं कागदावर लिहिलेलं असतं ते दिव्याच्या ठिपक्यांचं. त्यांना वीज पुरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी आधी राम म्हणते. म्हणून सर्ज प्रोटेक्शन मागायचं, आणि ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येईल असंच फिटिंग घ्यायचं. हे मला कुठल्याही माहितीपत्रकानं सांगितलं नाही. सोडियमची एक खोड मात्र भाऊ सोयीस्कर विसरले. लाइट क्षणभर जरी गेली, तरी गरम नळी थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत काही मिनिटं अख्खा रस्ता काळोखात. आमच्याकडे जूनमध्ये लाइट किती वेळा 'क्षणभर' जाते, ते नागपूरकरांना सांगायला नको.

याच सुमारास भाच्याच्या गाडीतून पेंचला जाणं झालं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारीच्या बाजूच्या गावांमधले दिवे त्यासाठी बदलले आहेत. झाकण वर, तोंड थेट जमिनीकडे. रस्ता व्यवस्थित दिसत होता आणि मान वर केली तर तारेही. परतताना नागपूर जवळ आलं तसं क्षितिजावरचं आभाळ पांढुरकं होत गेलं. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, दिवसाचं आभाळ निळं असतं ते याच कारणानं. म्हणून सारखेच ल्युमेन असले तरी ६५००चा दिवा आभाळ जास्त नासवतो. आणि गंमत अशी की हे मोजणारा प्रमुख उपग्रह निळ्या उजेडाला जवळजवळ आंधळा आहे. सोडियम जाऊन पांढरे एलईडी आले की त्याला शहर अंधारल्यासारखं दिसतं. तरीही २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा उजळलेला भाग वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढल्याचं त्याच उपग्रहाच्या नोंदींतून निघालं. उजेड स्वस्त झाला, आपण जास्त लावला. आमच्या सभेतही एकानं विचारलंच, "वीज वाचतेच आहे, तर आणखी चार खांब टाकायचे का?"

अखेर ७२ वॉटचेच घेतले, पण नकाशा पाहून, आणि रात्री अकरानंतर आपोआप निम्म्यावर येतील असे, छटा ३००० केल्विन. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०१६ मध्ये रस्त्यांसाठी ३००० किंवा त्याखालचीच छटा वापरा असं सुचवलं होतं, झोपेवर आणि डोळ्यांवर होणारा परिणाम पाहून. आमच्याकडे मोतीबिंदूवाले कमी नाहीत, त्यांनी जिन्यातला पांढरा दिवा डोळ्यांत घुसतो म्हणून आधीच ओरड केली होती. तरी चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी सभेत विचारायचं ते विचारलं. "पिवळाच लावायचा होता, तर जुने काय वाईट होते?" मी म्हटलं, "साहेब, खाली या आणि तुमची गाडी बघा." गाडी मरून रंगाची निघाली. इतकी वर्षं पार्किंगमधे ती कोणाला धड दिसली नव्हती. ते पांढऱ्याचा हट्ट सोडायला अजून तयार नाहीत. काकूंनी मात्र खिडकीची चादर काढून धुवायला टाकली.

उरले जुने बारा दिवे. चोक भंगारवाल्यानं तांब्यासाठी हसत नेले, फिटिंगचं अ‍ॅल्युमिनियमही नेलं. काचेच्या दिव्यांना हात लावेना. त्यांत सोडियमसोबत पाराही असतो, ते कचऱ्याच्या गाडीत टाकायचे नाहीत, ई-कचऱ्यात द्यायचे. म्हणून एका ई-कचरा गोळा करणाऱ्याला फोन लावला. त्यानं आधी पत्ता विचारला, मग वजन विचारलं. बारा दिव्यांचं वजन ऐकून म्हणाला, "मॅडम, आणखी थोडे जमू द्या." आता मी आसपासच्या स्कीममध्ये फोन करून विचारते आहे, तुमचे सोडियम कधी निघणार?